तिसऱ्या फाइलमधली बाग

डबा रिकामा होता.

कालपासून कपाटात ठेवलेला पत्र्याचा छोटा डबा, आत मऊ कापड, कापडात व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या आकाराचा खळगा. कॅसेट मात्र नाही. मिस्त्रीने डबा उलटा केला, झटकला आणि पुन्हा आत डोकावून बघितलं, जणू कॅसेट लाजून कोपऱ्यात बसली असावी.

"पंचबाईंना बोलवा," तो म्हणाला.

पंचबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या मांडत होत्या. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात स्पीडरनच्या विक्रमांची छाननी करायची, असा त्यांचा दुहेरी संसार. जुने व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवून दाखवायचे, हा या मंडळींचा नाद. कुणी विक्रम केला की त्याचं रेकॉर्डिंग बाईंकडे यायचं. त्या ते पुढे-मागे करून बघत बसायच्या. कुठे दोन तुकडे जोडलेत, कुठे मशीनमध्ये खोट आहे, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. म्हणून त्या पंचबाई. भलेभले त्यांना वचकून असत.

आज दुपारी मॅरेथॉन सुरू होणार होती. वाचनालयाच्या तळमजल्यावरचा हा हॉल, आणि त्यात रांगेने मांडलेले जुने जाड टीव्ही. सपाट टीव्हीवर बटण दाबल्यावर चित्र क्षणभर उशिरा हलतं, आणि या लोकांना तो क्षणही परवडत नाही. दोन दिवस एकामागून एक खेळ. काही लोक इथे समोर बसून बघणार, बाकीचे घरून.

दरवर्षी हे सगळं धाकटा जमवायचा. यंदा तो नव्हता. आजारपणाने त्याला नेलं. त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ उभा राहिला होता. सगळे त्याला दादा म्हणत. टीव्ही त्यानेच गोळा केले, वायरी त्यानेच ओढल्या, आणि या सगळ्या गडबडीत तो कुणाशी दोन शब्द धड बोलला नव्हता.

हरवली होती ती धाकट्याची कॅसेट.

तिच्यात खेळ साठवायला तीन फाइली होत्या. पहिल्या दोन नेहमी कोऱ्या, कारण स्पीडरन कोऱ्या फाइलवरूनच सुरू होतो. तिसरी धाकट्याची आणि त्याच्या आईची. तो शाळेत असल्यापासून दोघं मिळून त्या फाइलमध्ये एक बाग लावत होते. राक्षस मारायचे नाहीत, कुठे पोचायचं नाही. जगातल्या सगळ्यात घाईच्या माणसाने त्या एका फाइलमध्ये कधी घाई केली नव्हती.

शेवटच्या दिवसांत घरी अंथरुणावर पडल्या पडल्या तो आईला म्हणाला होता, "आई, बागेत तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. नंतर बघ."

नंतर म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. म्हणून तिने आजवर बघितलं नव्हतं. एकटीला धीर होत नव्हता. आज मॅरेथॉनच्या सुरुवातीला, त्याचे सगळे मित्र पाठीशी असताना, ती बघणार होती. त्यानंतर त्याच कॅसेटवर पहिला रन.

"कपाटाचं कुलूप?" पंचबाईंनी विचारलं.

"शाबूत आहे," मिस्त्री म्हणाला.

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, दादाकडे आणि दोन नंबरकडे."

दोन नंबर म्हणजे कायम धाकट्याच्या मागे दुसरा येणारा गडी. आजचा पहिला रन त्याचा होता.

दादा दारात उभा होता. त्याच्या डाव्या अंगठ्यावर चटक्याचा वाळत आलेला डाग होता आणि तो दुसऱ्या हाताने तिथेच चोळत होता. "इस्त्रीचा," असं त्याने मध्यंतरी सांगितलं होतं.

"चोरीला गेली," तो म्हणाला. "आईला तसंच सांगू. म्हणावं, कुणीतरी नेली. कुठेतरी आहे."

"एवढी घाई? आधी शोधू तर दे."

"शोधून काय होणार, पंचबाई?"

बाईंना ते बोलणं खटकलं. ज्याचं हरवतं तो माणूस शेवटचा हार मानतो.

त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

"काल सगळ्या कॅसेट लावून बघितल्यास ना?"

"आपला रिवाजच आहे तो. ऐन वेळी फजिती नको. सगळ्या बघितल्या, ही सोडून."

"का सोडलीस?"

"दादा म्हणाला, आईच्या आधी कुणी लावायची नाही. मग मी कशाला आगाऊपणा करू? डबासुद्धा उघडला नाही."

"म्हणजे काल डब्यात कॅसेट होती, हे तू बघितलं नाहीस."

मिस्त्रीने मान खाजवली. "तसं म्हटलं तर, नाही."

"बाकीच्या कॅसेट ठीक होत्या?"

"दोन सोडल्या तर. त्यांचं कुणीतरी पार वाटोळं केलंय. आतली बॅटरी बदललीय, पण कथिलाचे डाग असे दिलेत की मेणबत्ती पाघळावी. गंमत बघा, तरी आतल्या फाइली जिवंत! बॅटरी काढली की कॅसेट सगळं विसरते. मी बाहेरून करंट देत देत बदलतो. याने तसं काहीच केलेलं दिसत नाही. नशीब म्हणायचं."

"कुणाच्या त्या?"

"दादानेच आणल्या. घरातल्या जुन्या असतील."

दोन नंबर कोपऱ्यात कंट्रोलर मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सकाळी पहिला तू आलास?"

"हो. सरावाला."

"कोणत्या कॅसेटवर?"

"माझ्या स्वतःच्या. पंचबाई, लोक काय बोलतायत ते ऐकू येतं मला. रनच्या आधी सगळ्या फाइली पुसायची सवय आहे मला, आणि सवयीने त्याचीही पुसली, मग लपवली. असंच ना?"

"तू काय म्हणतोस?"

"मला त्याला हरवायचं होतं," तो म्हणाला. "पुसायचं नव्हतं."

तेवढ्यात काकू आल्या. धाकट्याची आई. चांगली साडी, हातात पर्स, केस नीट विंचरलेले. नातवंडाचं बारसं असावं तशी त्यांनी तयारी केली होती. रिकामा डबा बघून त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी दोन नंबरकडे बघितलं.

"तू जळायचास त्याच्यावर. कायम. आता तो गेला, आता तरी सोडायचं होतंस रे!"

दोन नंबरने मान खाली घातली. दादाचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. पंचबाईंनी ते बघितलं.

आता थांबून चालणार नव्हतं. एका पोराच्या कपाळी आयुष्यभराचा डाग बसत होता. ज्याला कॅसेट विकायची होती तो ती घेऊन केव्हाच पसार झाला असता. पण ज्याला ती फेकवत नव्हती आणि दाखवताही येत नव्हती, तो काय करेल? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी ठेवेल. भिंतीशी एका बंद पडलेल्या टीव्हीचं खोकं होतं. काल ते चिकटपट्टीने बंद केलं होतं. आज पट्टीचं एक टोक सुटलं होतं.

बाईंनी हात घातला. स्वच्छ रुमालात गुंडाळलेली कॅसेट हाताला लागली.

"सापडली!" मिस्त्री ओरडला. दोन नंबर धावत आला. काकू उठून उभ्या राहिल्या. दादा जागचा हलला नाही.

"लाव रे लवकर," काकू म्हणाल्या.

"आई, नको," दादा म्हणाला. "आधी जरा..."

पण मिस्त्रीने कॅसेट लावलीसुद्धा. पडदा उजळला. खेळाने विचारलं, भाषा निवडा.

दोन नंबरने एकदम श्वास आत ओढला. मिस्त्रीचा हात तसाच थबकला. भाषा निवडल्यावर तीन चौकोन आले. तिन्ही कोरे.

"माझी बाग कुठाय?" काकूंनी विचारलं. पाहुण्यांच्या घरी एखादी वस्तू मागावी इतक्या हळू आवाजात.

पंचबाईंनी जाऊन हॉलचं दार लोटून घेतलं.

"दादा, तू सांगतोस की मी सांगू?"

दादा अंगठा चोळत राहिला.

"मग मी सांगते. काकू, हे काम या पोराचं नाही. फाइल हाताने पुसली तर फक्त फाइल जाते, निवडलेली भाषा तशीच राहते. हा खेळ भाषा विचारतो तो अगदी पहिल्यांदा लावल्यावर, नाहीतर त्याची सगळी आठवण गेल्यावर. म्हणजे ही कुणी पुसलेली नाही. हिची बॅटरी निघाली होती. मिस्त्री, उघड."

मिस्त्रीने बारीक पेचकस घेतला. स्क्रूच्या कडा आधीच खरवडलेल्या होत्या. आत बॅटरी नवी कोरी चमकत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना डाग मेणबत्तीसारखे पाघळलेले.

"तसेच," मिस्त्री पुटपुटला. "त्या दोघींसारखेच."

"तोच हात," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीचा नाही, त्याचे डाग मोत्यासारखे असतात. दोन नंबरकडे ही बॅटरी बदलण्याइतका वेळ कधी नव्हतीच. कालपर्यंत ही काकूंच्या घरातच होती. त्या दोन कॅसेटही त्याच घरातल्या, आणि हा अंगठ्यावरचा चटका इस्त्रीचा नाही, डाग द्यायच्या तापल्या सळईचा आहे. कालची तपासणी दादाने टाळली, कारण ही लावली असती तर कालच सगळं उघड झालं असतं. आज सकाळी डबा उघडायच्या आधी त्याने ही काढून खोक्यात ठेवली. एक मात्र मला कळलं नाही, दादा. मिस्त्रीकडे का नाही गेलास?"

"आई घराबाहेर नेऊ देत नव्हती," दादा म्हणाला. आता त्याला कंठ फुटला, आणि फुटल्यावर थांबेना. "मिस्त्री म्हणाला होता ना, या जुन्या बॅटऱ्या कधीही माना टाकतात. मला झोप लागेना. वाटायचं, ऐन दिवशी लावली आणि आत काहीच नसलं तर? बॅटरी काढल्यावर मेमरी क्षणभर तग धरते, असं वाचलं होतं. मग म्हटलं, त्या क्षणात बसवायची. जलद करायचं, बस. दुसऱ्या कॅसेटवर सराव केला. धाकट्याचंच रन मोजायचं घड्याळ लावून. दोनदा जमलं. दोनदा फाइल वाचली."

हॉलमधल्या प्रत्येकाने हेच केलं असतं. दोनदा जमलं की तिसऱ्यांदा जमतंच, यावर तर त्यांचा सगळा खेळ चालायचा. फक्त तिथे चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

"आणि हिच्या वेळी?" पंचबाईंनी विचारलं.

"हात थरथरला. हिच्या वेळी हात थरथरला हो."

दोन नंबर तोंड फिरवून उभा राहिला.

"मग म्हटलं, चोरीला गेली असं झालं तर आईला वाटेल, बाग कुठेतरी आहे. कुणाच्या तरी घरी का होईना, आहे. याच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. आणि आला तेव्हा तोंड उघडेना."

पंचबाईंनी आजवर कितीतरी लबाड्या पकडल्या होत्या आणि पकडल्याचा आनंदही घेतला होता. आज त्यांना वाटलं, या खेपेला आपली नजर अधू असती तर बरं झालं असतं.

काकू सावकाश पुढे आल्या.

"बॅटरी काढायच्या आधी लावून बघितलीस का रे?" त्यांच्या आवाजात अजून थोडी आशा होती, आणि तीच ऐकवत नव्हती. "काय ठेवलं होतं त्याने? एवढंच सांग. बाकी जाऊ दे."

दादाने मान हलवली.

"नाही बघितलं. तुझ्यासाठी होतं ना, आई. मी कसं बघणार?"

काकू पडद्याकडे वळल्या. तीन कोरे चौकोन. म्हणजे आता कुणालाच कळणार नव्हतं. जगात एकाही माणसाला नाही. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, आणि मिस्त्रीने घाईघाईने टीव्ही बंद केला.

बऱ्याच वेळाने त्या दोन नंबरजवळ गेल्या. "तुला नको ते बोलले," त्या म्हणाल्या. "तो घरी तुझंच नाव घ्यायचा. चांगलं खेळ आज." त्याने मान हलवली.

मग त्यांनी पर्स उचलली. दादा त्यांना सोडायला पुढे झाला, तशा त्या थांबल्या. त्याच्याकडे न बघताच बोलल्या.

"तू इथलं बघ. आज घरी येऊ नकोस. आज मला तुझ्याकडे बघवणार नाही."

"बरं, आई."

दाराची कडी हातात धरून त्या क्षणभर थांबल्या.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "पण नक्की ये हं. मला आता तूच आहेस."