उशिरा पडणारा ठोका

टेप भाजावी लागते हे डार्का हॅवरिलुकला सहासष्टाव्या वर्षी कळलं, आणि ती स्टुडिओच्या जिन्यातच थांबून पोटभर हसली.

"म्हणजे माझ्या भावाला भट्टीत घातलंस तू!"

"अगदी मंद आचेवर," कॉलम म्हणाला. "जुन्या टेपचा गोंद ओल धरतो. तशीच यंत्रावर चढवली तर चिकटते, तिचं साल निघतं. थोडी ऊब दिली की काही आठवडे नीट वाजते. मग पुन्हा ओल धरते."

"नेस्टर जन्मभर भट्टीपुढेच होता. त्याला कसलं नवल!"

कॉलम ब्रॅनिगन म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातला जुन्या टेपांचा डॉक्टर. चाळिशीचा, लाल दाढीचा, मोजकं बोलणारा. त्याचा स्टुडिओ बार्टन स्ट्रीटवर एका बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. खिडकीतून पोलाद कारखान्याची धुराडी दिसत, त्यातली बरीचशी आता नुसतीच उभी होती. टोरोंटोच्या एका रेकॉर्ड कंपनीने 'लंच व्हिसल' या बँडची पहिली रेकॉर्ड, 'बर्लिंग्टन स्ट्रीट', नव्याने धुऊनपुसून बाजारात आणायचं ठरवलं होतं आणि ते काम कॉलमकडे दिलं होतं.

लंच व्हिसल म्हणजे कारखान्यातल्या कामगारांची चार पोरं. डार्का गायची, तिचा थोरला भाऊ नेस्टर ड्रम वाजवायचा, बाकी दोघांकडे गिटार. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात युक्रेनी चर्चच्या तळघरात त्यांनी सगळी गाणी एका दमात वाजवून टेपवर घेतली. वर चर्चमधल्या बायका पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, लाटत होत्या आणि खाली ही कार्टी छत डोक्यावर घेत होती. पाद्रीबुवा दोनदा ओरडून गेले, तिसऱ्यांदा आले ते तिथेच खुर्ची ओढून बसले.

नेस्टरच्या डाव्या हातावर कारखान्यात वितळलेलं लोखंड उडालं होतं. दोन बोटं वाकत नसत. त्यामुळे डाव्या हाताचा ठोका किंचित उशिरा पडायचा, उंबरठ्यावर क्षणभर थबकून कुणी आत यावं तसा. डार्काचं गाणं त्या फटीतच बसलेलं होतं. ती तिथेच श्वास घ्यायची. एका दीडशहाण्याने त्या वेळी वर्तमानपत्रात लिहिलं होतं की या बँडचा ड्रमवाला मागच्या बसने येतो. नेस्टरने ते कात्रण मोठ्या ड्रमवर चिकटवलं आणि त्याच्यासकट प्रत्येक कार्यक्रम वाजवला. पुढच्या हिवाळ्यात तो मासे धरायला खाडीच्या बर्फावर गेला. बर्फ फुटलं. तो चोवीस वर्षांचा होता.

आता कंपनीची अट अशी, की ड्रम सरळ करायचे. संगणकावर एकेक ठोका उचलून नेमका वेळेवर ठेवायचा. आजच्या कानांना ते तसंच लागतं म्हणे. दोन्ही गिटारवाल्यांनी माना डोलावल्या होत्या. उरली डार्का. ती हो म्हणाली नाही तर रेकॉर्ड पुन्हा कपाटात, आणि टेपचं आयुष्य तर संपतच आलेलं.

वर्षभर डार्का नाही म्हणत आली होती. फोनवर म्हणाली, वकिलाला म्हणाली, कंपनीने नाताळात पाठवलेली फळांची टोपली परत करताना तर फारच ठणकावून म्हणाली. पण माणूस थकतं. आपण गेलो की नेस्टरला ऐकणारं कुणी उरणार नाही, या विचाराने तिला हल्ली झोप लागत नसे. म्हणून ती सरळ केलेलं एक गाणं निदान ऐकून तरी घ्यायला आली होती.

कॉलमने गाणं लावलं. डार्का हाताची घडी घालून बसली. तोंडावर सरळ सरळ लिहिलेलं होतं, की मला पटव बघू.

ड्रम छान होते. धुतलेल्या काचेसारखे स्वच्छ. तिला ते अजिबात आवडले नाहीत. मग तिने मान तिरपी केली.

"मागे कोण गातंय?"

"तुम्हीच. तुम्ही सगळे एका खोलीत वाजवत होतात ना, त्यामुळे तुमचा आवाज ड्रमच्या मायक्रोफोनमध्येही सांडलाय. मी ड्रम हलवले की तो सांडलेला आवाजही हलतो आणि मूळ आवाजापासून सुटा होतो. नेहमीचं आहे हे. काढून टाकतो."

"म्हणजे भूत नाही."

"भूत असतं तर कंपनीने त्याचीही सही मागितली असती."

डार्काला हसू आलं. पोरगा बरा होता, कामच वाईट करत होता.

पुढच्या आठवड्यात कॉलमचाच फोन आला. जमेल तर येऊन जा, म्हणाला. आवाजात नेहमीचा निवांतपणा नव्हता. डार्का पोचली तेव्हा तो खिडकीशी उभा होता आणि हातातली कॉफी गार होऊन तिच्यावर साय धरली होती.

"तो सांडलेला आवाज निघत नाही," तो म्हणाला. "मी काढतो, आणि गाणं पुन्हा लावलं की तो असतोच. आणि आता..." त्याने हेडफोन पुढे केला. "तुम्हीच ऐका."

डार्काने कान देऊन ऐकलं. मूळ आवाज नेहमीसारखा पुढे होता. मागचा, सांडलेला, पहिलं कडवं त्याच्याबरोबर गायला. दुसऱ्या कडव्याला तो गप्प झाला. गाणारी पोरगी तिथेच उभी होती, हे कळत होतं. बुटांखाली तळघराची फरशी करकरत होती. ती नाक ओढत होती. मग ती काहीतरी पुटपुटली, रागाने, पण शब्द लागले नाहीत.

"मी दुसरं कडवं कधी सोडलेलं नाही," डार्का म्हणाली. "ताप असतानाही नाही."

"ठाऊक आहे मला. मूळ टेपवर तुम्ही ते पूर्ण गायलात. मी पुन्हा पुन्हा तपासलं. हे फक्त ड्रम सरळ केले की होतं."

"का होतं?"

"कधी कधी संगणक..." कॉफीचा कप उचलून त्याने पुन्हा जागेवर ठेवला.

डार्का घरी गेली, आणि तिने स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं. म्हातारे, तुला नाही म्हणायला निमित्त हवंय, म्हणून तुला काहीबाही ऐकू येतंय. भावाचं नाव आणि त्याचा फोटो नव्या वेष्टनावर येतोय तर येऊ दे. तुझा हट्ट कुणाला हवाय? लोकांना ऐकायला काहीतरी मिळेल, ते काय कमी आहे? रडणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली, आणि मग बटाटे सोलायला बसली.

कंपनीची पेज एलरी टोरोंटोहून आली त्या दुपारी बर्फ पडत होतं. पेज तिशीची, गोड बोलणारी, करडा कोट घातलेली. तिने डार्काचे दोन्ही हात हातात घेतले.

"लहानपणापासून तुमची रेकॉर्ड ऐकत आलेय मी. आईची होती."

"मग तुझ्या आईला विचार, तिला ड्रम कसे आवडतात."

पेज हसली, पण अट सोडणाऱ्यांतली ती नव्हती. "डार्का, आज हो की नाही ते सांगा. मला वरच्यांना कळवायचंय. नाही म्हणालात तर माझ्या हातात काही उरत नाही."

कॉलमने सरळ केलेलं गाणं लावलं. त्याने डार्काकडे पाहिलं नाही.

गाणं खोलीत भरलं. गिटार, आवाज, आणि ते काटेकोर ड्रम. डार्काने श्वास घ्यायची फट शोधली. फट नव्हतीच. तिथे ठोका आधीच येऊन बसलेला होता. पण ती थकली होती, आणि मनात ठरवून आली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाजारात आणा."

गाण्यातला डार्काचा आवाज थांबला.

मागचा आवाज नव्हे. पुढचा, मूळ. ओळीच्या मध्येच. मग गिटार थांबली, दुसरी गिटार थांबली.

ड्रम वाजत राहिले.

"बंद का केलंस?" पेजने विचारलं.

"मी केलं नाही," कॉलम म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"हे कोण वाजवतंय?"

हे खोलीतलं कुणी बोललं नव्हतं. तो एकोणीस वर्षांच्या पोरीचा आवाज होता. तळघरातल्या थंडीने नाक चोंदलेला, आणि चिडलेला. डार्काने आपला तो आवाज लगेच ओळखला.

"नेस्टर?" पोरीने हाक मारली.

"मी इथंच आहे." मायक्रोफोनच्या अगदी जवळून. "तुझ्या शेजारी. बघ ना, गाढवे."

रेकॉर्डवर नेस्टर कधी बोललाच नव्हता. नुसता वाजवायचा. चाळीसहून जास्त वर्षांनी डार्काने भावाचा आवाज ऐकला. तिने टेबलाची कड धरली.

"तू इथं," पोरगी सावकाश म्हणाली, "मग ड्रमवर कोण बसलंय?"

ठोका. ठोका. ठोका. एकही इकडचा तिकडे नाही.

पेज भिंतीला जाऊन टेकली होती.

भीती डार्कालाही वाटली. का नाही वाटणार? पण तिची भीती फार वेळ भीती राहत नसे. तिचा राग व्हायचा. आत्ताही झाला. माझ्या भावाच्या जागेवर कोण हे? कुणी बसवलं? आपणच, आत्ता, दोन शब्दांत! ती उठली आणि स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ तिथून," ती म्हणाली.

"ऊठ तिथून," पोरगी त्याच क्षणी म्हणाली. दोन आवाज एकावर एक बसले, एक घोगरा, एक कोवळा. "ती जागा माझ्या भावाची आहे."

ड्रम थांबले.

मग डार्का पेजकडे वळली. "मी आत्ता काय म्हणाले ते विसर. माझं उत्तर नाही असंच आहे. कपाटात घाला, खाडीत बुडवा, पण हे असलं माझ्या भावाच्या नावाने विकायचं नाही. समजलं?"

"जुनंच काढू," पेज म्हणाली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "जसं आहे तसं. वरच्यांना मी सांगते. प्लीज, ते दुसरं पुसून टाका."

कॉलमने सरळ केलेली सगळी गाणी दोघींच्या देखत पुसली. डार्काला जिंकल्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला झणझणीत आनंद झाला. ती खुर्चीत ऐसपैस बसली.

"आता खरी टेप लाव. संगणक नको, टेप. मला माझा नेस्टर ऐकू दे."

चक्रं फिरू लागली. गिटार आली, मग ड्रम, आणि डावा ठोका आला तो उशिराच. आला एकदाचा मागच्या बसने! डार्का मोठ्याने हसली. पोरगी गात होती. दुसरं कडवंही गायली, सगळंच्या सगळं.

तिसऱ्या कडव्यात डार्काचं हसू विरलं.

फटीत काहीतरी होतं. नेस्टरचा हात पडायच्या आधी, जिथे ठोका वेळेवर पडायला हवा नेमक्या तिथे, कुणीतरी श्वास घेत होतं. हलकेच. प्रत्येक फटीत.

"हे आधी नव्हतं," कॉलम कुजबुजला.

"नव्हतं."

"काढता येईल?" पेजने विचारलं.

"टेपला हात लावशील तर याद राख," डार्का म्हणाली. "नेस्टरने त्या दुसऱ्या ड्रमवाल्याला ताटकळत ठेवलंय. दर ठोक्याला. राहू दे तसंच, बसू दे वाट बघत."

गाणं संपलं. नेस्टरने ड्रमच्या काड्या खाली ठेवल्याचा आवाज आला. टेपचं टोक चक्रावरून सुटलं आणि फटफट वाजू लागलं. कॉलमने तळहाताने चक्र थांबवलं, यंत्र बंद केलं, मग स्पीकरही बंद केले.

खोलीत शांतता झाली. बाहेर बर्फ पडत होतं.

श्वास आला. नेमका वेळेवर.

मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने.

पेजने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. कॉलम जागचा हलत नव्हता. डार्काने हनुवटी वर केली, आपला श्वास मुद्दाम छातीत कोंडून ठेवला आणि नेस्टरच्या डाव्या हातासारखा, किंचित उशिरा सोडला. हे घे, म्हटल्यासारखा.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग पुढचा श्वास आला. तोही उशिरा, तिचं ऐकून शिकल्यासारखा. अगदी तिच्याइतकाच.