बिनतोंडाचं हरीण

"आला. पुन्हा आला आवाज," नूपुरचा धाकटा भाऊ उन्मेष कुजबुजला, आणि तिघंही जागच्या जागी थिजली.

नूपुरनंही तो ऐकला. हूऽऽऽ... रिकाम्या माठात कुणी फुंकर मारावी तसा. सकाळचे दहा वाजले होते, पण हवेत धूळ इतकी की सूर्याचा नुसता पिवळट ठिपका झाला होता. कुंपणालगत मुद्दाम लावलेले माणसाहून उंच निवडुंग त्या धुळीत मुकाट उभे होते. सुट्टीत रियाधहून या राखीव वाळवंटात आलेली मोठी माणसं तंबूत अंताक्षरीत रंगली होती. नूपुरनं आवाजाबद्दल सांगितलं तर बाबा "वारा असेल गं" म्हणून मोकळे झाले. वारा कसला, बाहेर वाळत टाकलेल्या सतरंजीची किनारसुद्धा हलत नव्हती.

शेजारची स्मृती कशालाच घाबरत नाही असं स्वतःच सांगायची. आता तिनं उन्मेषची बाही घट्ट धरली होती. निवडुंगांमधून काहीतरी पुढे येत होतं. बारीक पाय, खूर, मान... आणि तोंडाच्या जागी नुसता पांढुरका गोळा.

"त्याला तोंडच नाहीये," स्मृती म्हणाली.

तो गोळा दगडावर टक् करून आपटला, आणि ते पुन्हा धुळीत विरून गेलं.

"यल्ला, पळा इथून," म्हणत धाकट्या उन्मेषनं पाठ फिरवलीसुद्धा. नूपुरही वळली. पण तेवढ्यात तिला निवडुंगाच्या बुडाशी मुंग्यांची रांग दिसली. रांग गूळपोळीच्या चुऱ्याकडे चालली होती, आणि नूपुरला कालची बरणी आठवली.

जेवताना पहिला घास गाईसाठी काढायचा, हा आईचा नेम. रियाधमध्ये गाय कुठली? तिथे तो घास चिमण्यांना जायचा. इथली हरणं पाहून आई हरखली होती. प्राण्यांना खायला घालू नका, असा बोर्ड फाटकावरच होता. पण घास काढणं वेगळं, असं म्हणून तिनं काल दोन गूळपोळ्या प्लास्टिकच्या बरणीत घालून नूपुरला पाठवलं. बरणी रिकामी करून आणायची होती. काट्यांना भिऊन नूपुरनं ती निवडुंगाच्या बुडाशी तशीच उघडी ठेवली आणि धूम ठोकली.

"ते भूत नाही, हरणाचं पाडस आहे," ती म्हणाली. "आमच्या बरणीत तोंड अडकलंय त्याचं. कालपासून पाण्याचा थेंब नाही पोटात."

फाटकावरच्या कादिरचाचांना आणायला स्मृती धावली. पण तोवर पाडस धुळीत हरवलं तर? नूपुरनं सतरंजी ओढून आणली. एक टोक तिनं धरलं, दुसरं उन्मेषनं.

"उभी धर. त्याला भिंत वाटेल. आणि अजिबात धावू नकोस."

सतरंजीची भिंत पाऊल पाऊल पुढे सरकत राहिली. पलीकडून हूऽऽऽ येत होतं, आधीपेक्षा क्षीण. अखेर पाडस कुंपणाच्या कोपऱ्यात थबकलं. बरणीच्या तळाला तडा होता. तिथूनच त्याचा श्वास घुमत होता, आणि तेवढ्यावरच ते जगलं होतं. नूपुरचे दंड भरून आले, डोळेही. पण तिनं सतरंजी खाली येऊ दिली नाही.

कादिरचाचांनी येताच पाडसाच्या डोळ्यांवर रुमाल टाकला आणि बरणी हलकेच फिरवून काढली. पाडस क्षणभर लडखडलं, मग पाणवठ्याच्या दिशेनं उड्या मारत गेलं.

"बच्चों ने बचाया," त्यांनी तंबूत येऊन सांगितलं. "शाम तक खलास हो जाता."

बाबांनी दोघांची पाठ थोपटली, स्मृतीचीही. आईची नजर मात्र बरणीवर खिळली होती.

"मी ती रिकामी केली नव्हती, आई," नूपुर म्हणाली.

"आणि बोर्ड वाचूनही पाठवलं मी तुला," आई हळूच म्हणाली. मग तिनं कादिरचाचांची माफी मागितली.

दुपारी पानं वाढल्यावर आईच्या हातानं सवयीनं घास मोडला आणि हात तसाच थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं तो घास उचलून नूपुरच्या ताटात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "इथे असेपर्यंत गाईचा घास तुझा."