दोरीवरची हिरवी बोटं

"एकानेही इथून हलायचं नाही," मॉलचे मॅनेजर सुमंत कडाडले, आणि कोरेगावहून आलेल्या मुलांच्या हातातली लेझीम जागच्या जागी थांबली.

साताऱ्याच्या त्या नव्या मॉलसमोरचं स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन अर्ध्या तासावर आलं होतं आणि झेंड्याची दोरीच गायब होती. खांबाच्या बुडाशी हातभर तुकडा तेवढा उरला होता. त्यावर हिरवी बोटं उमटलेली. काल संध्याकाळी गालांवर तिरंगा काढून घेताना पोरांचे हात रंगले होते, आणि त्याच हातांनी त्यांनी दोरी ओढायची तालीम केली होती. हे खरंच होतं. पण सुमंतांनी त्यावरून निकालच लावला. खेड्यातली पोरं, मस्ती चढली, दोरी कापली; आता लेझीम रद्द आणि शाळेकडे तक्रार!

सईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातवीतली सई पथकाची म्होरकी होती. शाळेला असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं, आणि आता चोर म्हणून परत जायचं? गर्दीतल्या बायका तर पर्सा जवळ ओढून घ्यायला लागल्या होत्या.

"आवं साहेब, आमी दोरी वढली. कापली न्हाई."

"तोंड वर करून बोलू नकोस," म्हणत सुमंत पाहुण्यांच्या स्वागताला निघून गेले.

सईनं पथकातल्या धवल आणि आम्रपालीला बाजूला घेतलं. धवलचं डोकं कधी तापत नसे. तो म्हणाला, मस्तीत कापलेली दोरी इथंच पडली असती. ज्याला गरज होती त्यानंच ती नेली. मग तिघांनी कचऱ्याचे डबे पालथे घातले, पार्किंग पिंजून काढलं. शेवटी आम्रपालीनं मॉलच्या दाराकडे बोट दाखवलं. दोन मजले उंच 'महासेल'चा फलक! काल तो नव्हता. कठड्याला बांधलेली त्याची दोरी भुरभुर पावसात भिजत होती, आणि तिच्यावर हिरवी बोटं होती.

सई सरळ प्रमुख पाहुण्यांपुढे जाऊन उभी राहिली. रहिमतपूरच्या आक्काताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी तुकडा पाहिला, दोरी पाहिली आणि फलक लावणाऱ्या जोतीरामला बोलावलं.

जोतीराम मान खाली घालून म्हणाला, "सायबच म्हणालं, पाव्हणं यायच्या आत फलक चढव, दिसंल ती दोरी घे."

सुमंतांचा चेहरा पडला. आक्काताईंचा आवाज मात्र चढला नाही. "मग आता तुमीच सोडा ती."

सगळ्यांदेखत सुमंतांनी ओल्या गाठी सोडल्या. महासेल खाली कोसळला, दोरी खांबावर परत चढली. मग ते आइस्क्रीमची कुपनं घेऊन सईकडे आले.

"कुपनं नगंत. आमी चोर न्हाई, ते माईकवर सांगा."

त्यांना ते सांगावं लागलं. आक्काताईंनी सईच्या पाठीवर थाप मारली. "लय खमकी हायस गं! चल, झेंडा तूच चढीव."

झेंडा वर गेला, सगळ्यांनी सलामी दिली. सुमंतांनीही दिली, आणि त्यांच्या कपाळावर चार हिरवी बोटं उमटली.

राष्ट्रगीत संपेपर्यंत पथकातलं एकही पोर हसलं नाही. त्यानंतर मात्र लेझीम सुरू व्हायला बराच वेळ लागला.