सवच्या डोहातला तिसरा ठिपका

विमानातून नदीवर हिरवा लेसर सोडायचा. त्याचा प्रकाश आधी पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, मग तळावरून. दोन्हींमध्ये जो वेळ जातो, त्यावरून खोली काढायची. प्रकाश जिथून परततो, तिथे पडद्यावर एक ठिपका उमटतो. एवढंच माझं काम. पुरानं सावित्रीत किती गाळ आणून टाकला ते मोजायला आम्ही जानेवारीत महाडला आलो होतो, कारण तेव्हा पाणी नितळ असतं. बाजारपेठेतल्या भाड्याच्या खोलीत संगणकासमोर बसून मी दिवसभर नको असलेले ठिपके पुसायचे.

सव गावाजवळच्या डोहात मात्र तिसरा ठिपका यायचा. वर पाणी, खाली तळ, आणि अधेमध्ये काहीतरी. मासा असेल म्हणून मी पुसून टाकला. विमानाच्या पुढच्या फेरीत तो पुन्हा हजर, जरासा सरकून. त्याच्या पुढच्या फेरीतही. माझं डोकं फिरलं. होडीवाल्या रमजानभाईंना म्हटलं, उद्या तिथे काठी घालून बघा.

"त्या डोहात काठी घालत नाय कोन," त्यांची बायको महरुन्निसा म्हणाली. "तिथं आलं का काठी वर घेतात नि वल्ह्यानं जातात."

"का पण?"

"पयल्यापासून घेतात."

मला हसू आलं. भाभींना आलं नाही. पण रमजानभाई भिडस्त. माझ्या हट्टापुढे ते नाही म्हणू शकले नाहीत.

दुपारी मी काठावर उभी होते. डोहाच्या मधोमध त्यांनी काठी सोडली. ती अर्ध्यातच टेकली. ओढून बघितली, येईना. होडी एका बाजूला कलली, तरी ते काठी सोडेनात. हा माणूस माझ्यापायी बुडणार, असं वाटलं.

"सोडा ती," मी ओरडले.

त्यांनी हात काढले. काठी तशीच उभी राहिली. तिथलं पाणी तिच्यापेक्षा खोल होतं.

"रुतली असेल," काठावर आल्यावर मी म्हटलं.

रमजानभाई तळहात लुंगीला पुसत होते. "रुतली नाय, मॅडम. खालनं धरलेली हाय."

ते घरी गेल्यावर विमानानं शेवटची फेरी मारली. दिवेलागणीला मी ती संगणकावर उघडली. डोह स्वच्छ होता. पाणी आणि तळ, बस. मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला.

मग चित्र काठाकडे सरकवलं. रमजानभाईंची होडी बांधलेली दिसत होती. तिथे गुडघाभर पाणी.

होडीशेजारी तिसरा ठिपका होता. आता तो पाण्याच्या वर होता, उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.

मी घाईनं त्यांच्या घरी फोन लावला. भाभींनी उचलला.

"रमजानभाईंना जरा द्या."

"आताच नदीवर गेले, बाय."

"आत्ता? कशाला?"

"खालनं कुनीतरी हाक मारली. तुमची काठी घेऊन जा, म्हनला."