इस्तव बघलंस मा?

आधी वास आला. पाणी मारलेल्या निखाऱ्याचा, ओला आणि जुना. करी रोडच्या आमच्या चाळीतली शेवटची शेगडी मी जन्मायच्या आधीच भंगारात गेली, म्हणून मी लॅपटॉपवरून मान वर केली. दुपारची वेळ, गॅलरीत चिटपाखरू नाही. मी तशीही कुकरच्या शिट्टीला दचकते. स्वतःला म्हटलं, सुरुची, काम कर.

मग कठड्यावर बांगड्या वाजल्या.

तो आवाज चाळीत कुणीही ओळखला असता. शेजारच्या सुंदरामावशी रोज दिवेलागणीला कठड्यावर हात आपटत दारोदार फिरायच्या. "इस्तव बघलंस मा गो?" म्हणजे, विस्तव बघितलास ना? तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात त्यांची बहीण गेली होती. घरातलं कुणी उठून गॅसचं बटण, देवाचा दिवा बघून "बघितला" म्हणेपर्यंत त्या दारातून हलत नसत. न बघता ठोकून दिलं, तर कसं कोण जाणे, त्यांना कळायचं. परत विचारायच्या. त्यांच्या दाराशी रेतीची लाल बादली असायची. आम्ही मुलं त्यांना 'बंब' म्हणायचो. "हसा मेल्यांनो," त्या म्हणायच्या, "हीच रेती कामाक येतली."

मावशींना जाऊन दोनच दिवस झाले होते.

"इस्तव... बघलंस मा गो?"

दारात कुणी नव्हतं. "बघितला, मावशी," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

थोड्या वेळानं, तितक्याच हळू, "बघलंस... मा?"

परत विचारलं होतं. मी उठून बघितलं. आमचा गॅस बंद. देवापुढचा दिवा कधीच शांत झालेला. गॅलरीत आले तर वास बदलला होता. आता ताजा, जळक्या बांबूचा, शेजारच्या बंद दारातून येणारा. मावशींचा मुलगा हितेनदादा आणि सून मनवावहिनी दहाव्याचं सामान आणायला लालबागला गेले होते, किल्ली आमच्याकडे ठेवून.

मी किल्ली आणून कुलूप उघडलं. आत, मावशी गेल्या त्या जागी पीठ पसरून दिवा लावला होता. पिठावर काही उमटतं का ते बघायला टोपली झाकतात, दिवा मात्र बाहेर ठेवतात. वहिनींनी वाऱ्यानं विझू नये म्हणून दिवाही टोपलीखाली घेतला होता. टोपली चरचरत पेटली होती. वर दोरीला मावशींची पातळं, पलीकडे सिलिंडर.

हात पाण्याच्या कळशीकडे गेला. पण तेलाच्या आगीवर पाणी मारू नये, हेही मावशींनीच शिकवलेलं. मी बादली उचलली आणि सगळी रेती ओतली.

दादा परतले, काळी टोपली बघून उंबऱ्यावरच बसले.

"विझला तर अपशकुन, म्हणून झाकला हो," वहिनी रडत म्हणाल्या.

"आईच्याच दिव्यानं आईची चाळ पेटली असती," दादा म्हणाले, पण हात त्यांच्या पाठीवर होता. "तुला कसं कळलं गं, सुरुची?"

"वास आला," मी म्हटलं. तेवढंच.

आता दादा-वहिनी बदलापूरला राहतात. खोलीला कुलूप आहे, दाराशी बादली आहे. दिवेलागणीचा फेरा मी घेते. "आला बघा नवा बंब," लोक हसतात, पण उठून बटण बघतात. मला बरं वाटतं. हल्ली झोपही छान लागते. बंद खोलीशीही मी विचारते, कारण एक दार सोडायचं नाही असा मावशींचा नियम होता. तिथून उत्तर येत नाही. जरा थांबते आणि घरी येते.

आज विचारायच्या आधी सहज कुलपाला हात लागला. कोमट होतं, नुकतंच कुणी मुठीत धरल्यासारखं.

"मावशी... इस्तव बघलात मा?"

आत बांगड्या वाजल्या. कुणीतरी सावकाश उठलं, ओट्यापर्यंत जाऊन आलं.

"बघलंय गो बाय... जेवूक जा आता."