जुन्या गावाचा नकाशा

तीन म्हणजे तीन, हे मिस्बाहनं सगळ्यांना हजारदा बजावलं होतं. तरी दर रविवारी अमरावतीहून आकांक्षा सव्वातीनला उगवायची, इमरानचा माइक चालायचा नाही आणि बंडूचं नेट ऐन मोक्यावर दगा द्यायचं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या खोलीत लॅपटॉप उघडून मिस्बाह एकटीच चरफडत बसायची. आठवडाभर क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी या तीन घोड्यांना हाकायचं, असं तिचं नशीब.

खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. आपापल्या घरून सगळे एकाच वेबसाइटवर जमायचे. तिथं चौकटी आखलेला नकाशा, त्यावर प्रत्येकाचा मोहरा आणि कोपऱ्यात फासे. नकाशा आधी सगळा काळा असतो. मोहरा पुढे सरकला की त्याच्या नजरेपुरता उजळतो. दार बंद असेल तर आतलं काही दिसत नाही. गोष्ट मिस्बाह चालवायची, म्हणून दारांची कुलपंही तिच्याच हातात.

परदेशी किल्ले आणि तळघरं काढून ती विटली होती. या वेळी बंडू म्हणाला, आमचं जुनं गाव घे. हिवरखेडकडचं त्याचं गाव सतरा वर्षांपूर्वी धरणात गेलं, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आता पुनर्वसनातल्या नव्या गावात तो आणि त्याची आई कौशल्याकाकू, दोघंच राहत. यंदा बोंडअळीनं कपाशी खाऊन टाकल्यानं बंडूला रविवारच काय, सगळेच वार मोकळे होते. काकूंनी तीन दिवस फोनवर बसून जुनं गाव घरागणिक सांगितलं. कोणाच्या घराचं तोंड कुठं, गोठा कोणत्या अंगाला, नाल्यावरून वाट कशी वर येते. स्वतःच्या घरापाशी आल्यावर म्हणाल्या, "बाई, आमचं दार मात्र उघडं काढजो."

मिस्बाह हो म्हणाली आणि तिनं दार बंद काढलं. एकच घर उघडं ठेवलं तर खेळणारे सरळ तिथंच घुसणार, मग बाकीच्या गावाचा उपयोग काय? शिवाय काकू कुठं बघायला येणार होत्या.

दुसऱ्या रविवारी ते दार उघडं होतं. तिनं लावलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा उघडं. कोणी काय हलवलं याची नोंद वेबसाइट ठेवते. त्या नोंदीत काहीच नव्हतं. मिस्बाहच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं आधी इमरानला धारेवर धरलं, कारण तो तिचा मामेभाऊ आणि लहानपणापासून खोडकर. त्यानं शपथा घेतल्या. आकांक्षा म्हणाली, माझा मोहरा तर देवळापाशीच आहे. मग राहिला बंडू.

बंडूनं ऐकून घेतलं आणि जे सांगितलं, ते इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं. गाव उठलं त्या दिवशी त्याची बहीण शकुन गाय शोधायला नाल्याकडे गेली होती. नऊ वर्षांची. मागच्या ट्रकमध्ये बसली असेल असं सगळ्यांना वाटलं. मागच्या ट्रकवाल्यांना वाटलं, पुढच्यात. दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागलं. तेव्हापासून काकू नव्या घराच्या दारालाही कडी लावू देत नव्हत्या, रात्रीसुद्धा नाही.

मिस्बाहला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण कोणीतरी आपल्या नकाशात हात घालतंय हा राग काही जाईना. तिनं तिघांचेही दारं उघडायचे हक्क काढून घेतले आणि त्या दाराला कुलूप घातलं.

चौथ्या रविवारी दार बंदच होतं. तिला बरं वाटलं, पण ते मिनिटभरच.

तिघांचे मोहरे गावाच्या दुसऱ्या टोकाला देवळापाशी होते. तरी नाल्यापासून काळोख सरला होता, एका चौकटीच्या रुंदीनं. ती वाट काकूंच्या दारापर्यंत आली होती. तिथून घराला एक फेरा घालून ती नाल्याकडे परत गेली होती.

"हे कोणी केलं ते आत्ताच्या आत्ता सांगा," मिस्बाह म्हणाली. तिघंही नाही म्हणाले. तिनं हात टेकले. सगळा काळोख पुन्हा पसरून ती बंडूला म्हणाली, की हा तुमच्या घरचा मामला आहे, काकूंनाच बोलव.

काकू माइकजवळ आल्या. मिस्बाहनं जसं होतं तसं सांगून टाकलं. दार बंद काढलं होतं, तेही.



"मंग आली होती न् दार लावलेलं पाहून गेली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मिस्बाहला सहन होईना. "उघड, बाई. आता तरी उघड."

मिस्बाहनं कुलूप काढलं आणि दार उघडलं. खेळ गेला खड्ड्यात, असं तिला प्रथमच वाटलं.

पाच मिनिटं काही झालं नाही. बाहेर उन्हाचा कहर होता, भर चारचा सुमार. इमरानही हसला नाही.

मग नाल्यापाशी एक चौकट उजळली.

मग तिच्या पुढची.

मधेच थांबत, लहान पावलांनी चालल्यासारखी वाट वर येत होती. पडद्यावर मोहरा नव्हता. गोठ्याजवळ ती जरा रेंगाळली.

मग दारातून आत गेली, आणि दार लागलं.

बंडूच्या माइकमधून कडी सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकूंचा, रोजचा, किंचित रागावलेला आवाज, "आधी पाय धू. मंग ये घरात."

बालदीतून पाणी ओतल्यासारखा आवाज येत राहिला.

"बंडू," मिस्बाह म्हणाली, "तिथं कोण आहे?"

"कोणीच नाई दिसत." बंडू अगदी हळू बोलत होता. "माय उंबऱ्यापाशी बसून नुसती पाणी ओतून राहिली."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "न् गाळ वाहून राहिला."