छायाचं फूल

आरोहीनं चहाचा कप माउसपासून लांब सरकवला. "आजी, नवीन सिस्टीम आजच मिळतेय, बाकीच्यांना दिवाळीनंतर. पण आपण थांबूया."

"थांबून काय होणार?"

"तुझे जुने मराठी फॉन्ट नव्यात चालतील की नाही, कुणाला ठाऊक. अक्षरांच्या जागी रेघोट्या आल्या म्हणजे? पणजी ओव्या गायची म्हणतात, त्यांची मूळ फाइल असेल तर ती तरी आधी काढून घेते. नेटवर टाकायच्यात ना मला."

छायाताईंनी चष्मा पुसला. नाशिक रोडच्या या घरात गॅस, फ्रिज, मोबाइल, सगळं शेजाऱ्यांकडे जुनं झाल्यावर आलं होतं.

"आजच टाक," त्या म्हणाल्या. "आणि काढून घेण्यासारखं काही नाही त्यात."

"तू आणि घाई? ऊन लागलं की काय तुला!"

"टाक म्हटलं ना."

आरोहीनं बटण दाबलं आणि ती क्लासला गेली.

मूळ फाइल होती. छायाताईंच्या सासूबाई, कमळाबाई, सिन्नरकडच्या; छायाताई त्यांना आत्याबाई म्हणत. जात्यावर बसल्या की ओवी आपसूक यायची. दाणे संपले की हात आणि ओवी दोन्ही थांबायची. रिकामं जातं फिरवू नये, ही त्यांची शिस्त. छायाताई तेव्हा छापखान्यात टायपिंग करत. त्यांनी ऐकून ऐकून सगळ्या ओव्या टाइप केल्या. कमळाबाई ओवीत स्वतःचं नाव गुंफायच्या. एका दुपारी छायाताईंनी 'शोधा आणि बदला' उघडलं. शोधा: कमळा. बदला: छाया. एका क्षणात एकशे बारा जागी बदल झाला, आणि पुस्तक छायाताईंच्या नावानं निघालं.

एक चूक नजरेतून निसटली. 'काळ्या पाण्यावरी डोले कमळाचं फूल', त्याचं झालं 'छायाचं फूल'. सत्काराला पाहुण्यांनी नेमकी तीच ओळ वाचली. काय प्रतिमा आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या कमळाबाईंना वाचता येत नव्हतं, ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. परतताना रिक्षात त्या एवढंच बोलल्या, "सावलीला कधीपासून फूल याया लागलं गं, छाया?"

पुढे जगल्या ती तीन वर्षं त्या जात्याला शिवल्या नाहीत. छायाताईंनी माफी उद्यावर ढकलली, ती उद्यावरच राहिली. मूळ फाइल पुसायचाही धीर झाला नाही. आज ती आपोआप मरणार होती. स्वतःच्या या सुटकेचीही त्यांना लाज वाटली.

पडद्यावर आकडा चढत होता. टेबलाखाली पंख्याची घरघर चालली होती.

चौतीस टक्क्यांवर घरघर जड झाली. दगडावर दगड फिरावा तशी. मध्येच अडखळे, मूठभर दाणे घालताना हात थांबावा तितकीच. टेबलावर टेकलेल्या कोपरापर्यंत थरथर आली. बाजरीच्या पिठाचा कोमट वास आला. घरात बाजरी नव्हती.

मग सगळं शांत झालं. पडदा उजळला.

छायाताईंनी एकेक जुनी फाइल उघडली. लग्नपत्रिका, रेघोट्या. श्रद्धांजली, रेघोट्या. कमळाबाईंची मूळ फाइल, रेघोट्या. त्यांनी श्वास सोडला.

शेवटी त्यांनी स्वतःच्या पुस्तकाची फाइल उघडली. ती स्वच्छ मराठीत होती. काळ्या पाण्यावरी डोले कमळाचं फूल. पहिल्या पानावर, लेखिका: कमळा.

कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. शोधा: छाया. बदला: कमळा. काम चालू आहे.

त्यांनी फळीवरचं छापील पुस्तक ओढलं. मुखपृष्ठावरही तेच नाव होतं, वीस वर्षांच्या जुनाट, फिकट शाईत.

दारात चपला वाजल्या. "कमळाआजी, झालं का गं?" आरोहीनं विचारलं. अगदी रोजच्यासारखं.

खिडकीतून संध्याकाळचं ऊन आलं होतं. भिंतीवर टेबलाची सावली होती. खुर्चीचीही होती.

त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

भिंतीवरची बाई जमिनीवर बसली होती. एक पाय पसरून, पुढे वाकून. तिचा हात गोल गोल फिरत होता.

"आत्याबाई," छायाताई पुटपुटल्या, "चुकलं माझं."

हात थांबला. दुसऱ्या हातानं मूठभर काहीतरी जात्यात सोडलं, आणि जातं पुन्हा फिरू लागलं. पडद्यावर आणखी एका 'छाया'चं 'कमळा' झालं.

रिकामं जातं कमळाबाईंनी कधीच फिरवलं नव्हतं.